अकरा जणांचा फोन

मस्कतला फोन करायचा म्हणजे आमच्या घरी आधी अंघोळ करावी लागे. तीही साधी नव्हे, लग्नाला जाताना करतात तशी. शुक्रवारी सकाळी कुळगावच्या आमच्या अंगणात दोन बंब पेटायचे, एक आमचा आणि एक नानांचा, आणि धुरात उभी राहून काकी सगळ्यांच्या डोक्यावर तेल थापायची. नाना म्हणजे बाबांचे थोरले भाऊ आणि काकी म्हणजे त्यांची बायको. अंगण एक, चुली दोन, आणि दोन्ही चुलींवर हुकूम नानांचा, अशी आमची व्यवस्था होती. मी एकदा काकीला विचारलं की, बाबांना फोनमधून दिसणार आहे थोडंच, मग ही पावडर कशाला. काकीने माझ्या गालावर आणखी एक थर चढवला आणि म्हणाली, "त्याला नाय दिसत. उल्हासनगरच्या लोकांना दिसतंय ना."

बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होते. ती बंद पडली, आणि कंपनी बंद पडल्यावर घरोघरचे बाप जिथे जातात तिथे, म्हणजे आखातात, ते गेले. जाताना त्यांनी दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक म्हणजे नानांच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र, ज्यावर नाना आमच्या वतीने वाटेल तिथे सही करू शकत होते. दुसरी म्हणजे आई. पहिल्या गोष्टीला प्लास्टिकचं कव्हर घालून कपाटात ठेवलं होतं.

पहिली दोन वर्षं आम्ही बदलापूर स्टेशनजवळच्या पीसीओवरून फोन केले. काचेची उभी पेटी, आत एक माणूस, बाहेर दहा, आणि आतल्या माणसाच्या डोक्यावर लाल आकडे धावत असायचे. नाना आत शिरले की त्या आकड्यांकडे असे बघायचे, जसं काही ते रिक्षाच्या मीटरवर चाललेत आणि ड्रायव्हर मुद्दाम लांबून नेतोय. "कसा हायेस? बरा? बरं, ठेवतो." भावाभावांचं दोन महिन्यांचं प्रेम तेवढ्यात आटपायचं. आम्हाला बाबांचा आवाज म्हणजे नानांच्या कानाजवळची एक कुजबूज होती.

मग नानांना भगवानी आंटी सापडली. नानांचा टेम्पो होता, वीटभट्टीवरच्या विटा वाहायचा, आणि उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका बांधकामावर विटा टाकायला गेले असताना त्यांना दुकान दिसलं. बाहेर पाटी होती कॉम्प्युटर क्लासेसची. पुढे दोन कॉम्प्युटर होते, त्यांच्यावर प्लास्टिकची आच्छादनं होती, आणि त्या क्लासचा विद्यार्थी मी तरी कधी पाहिला नाही. खरा क्लास पडद्यामागे चाले. तिथे प्लायवूडच्या दोन केबिन होत्या, आणि इंटरनेटवरून जगात कुठेही फोन लागायचा, पीसीओच्या पाव दरात. आंटीचा स्वतःचा मुलगा आफ्रिकेत कापडाच्या दुकानात होता. त्याच्याशी रोज बोलता यावं म्हणून तिने हे यंत्र आणलं होतं, आणि मग शेजारणी रांगेत उभ्या राहू लागल्या तेव्हा तिच्यातला व्यापारी जागा झाला. हे सगळं कायद्यात बसतं का, असं माझ्या चुलतभावाने एकदा विचारलं. आंटी लोकरीचा स्वेटर विणत होती. मान वर न करता म्हणाली, "बेटा, माँ अपने बच्चे से बात करती है. इसमें कायदे का क्या काम?"

पाव दर ऐकून नानांनी जाहीर केलं की, आता दर शुक्रवारी सगळ्यांनी बोलायचं. शुक्रवार का, तर मस्कतला शुक्रवारी सुट्टी आणि आमच्या अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांनाही शुक्रवारचीच सुट्टी. देवाने एवढी एक गोष्ट आमच्या सोयीने केली होती. सगळे म्हणजे अकरा जण. नाना, काकी आणि त्यांची तीन मुलं. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. आत्या आणि तिचे यजमान. आणि शेजारचे तात्या, ज्यांचं आमच्याशी काही नातं नव्हतं, पण त्यांना टेम्पोत बसायला आवडायचं. टेम्पो धुतला तरी विटांची लाल पूड जायची नाही. आम्ही इतके नटूनथटून कॅम्प एकमध्ये उतरायचो आणि सगळ्यांचे पार्श्वभाग गेरू लावल्यासारखे लाल असायचे. फोन झाला की दालपकवान खायचं, काकीने बांगड्या बघायच्या, आत्याने त्यांची किंमत पाडायची आणि न घेता निघून यायचं. डिझेल, दालपकवान आणि बांगड्या धरून तो पाव दराचा फोन आम्हाला पीसीओच्या किती पट पडत होता, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सहल बुडाली असती.

अकरा माणसांत एक हेडफोन फिरवताना पहिल्याच दिवशी त्याचा एक कान तुटला. तेव्हापासून आंटीने आमच्यासाठी कॉम्प्युटरला दोन स्पीकर जोडले आणि मोठी केबिन राखून ठेवली. बोलायला टेबलावर एक छोटा माइक. "माइक को खाओ मत," ती बाहेरून ओरडायची, "वो सुनता है, उसको भूख नहीं लगी है." ते गेल्यापासून मला बाबांचा आवाज पहिल्यांदा असा ऐसपैस ऐकू आला तो त्या स्पीकरमधून. मागे कंपनीच्या कँटीनमधली ताटं वाजत, कुणीतरी मल्याळीत हसत असे, आणि त्यात बाबा.

पण त्या फोनला एक खोड होती. इथला शब्द तिथे पोचायला दोन श्वास लागत आणि तिथला इथे यायला दोन. बोलून गप्प बसलं, थांबलं, तर सगळं सुरळीत. पण आमच्या घराण्यात बोलून गप्प बसण्याची परंपरा नाही. नाना विचारायचे, "जेवलास का?" उत्तर येईना म्हणून लगेच विचारायचे, "पाऊस हाय का तिकडे?" आणि तेवढ्यात स्पीकरमधून बाबांचं उत्तर यायचं, "हो, आज मच्छी होती." तात्यांनी त्या आठवड्यात अर्ध्या कुळगावला सांगितलं की, मस्कतला पावसातून मासे पडतात. काहींनी तर कोणते, असंही विचारलं.

बोलण्याचा क्रम वयाचा आणि मानाचा होता. आधी नाना, मग आत्याचे यजमान, कारण जावई. मग काकी, आत्या, मुलं. तात्या मध्येच कुठेतरी शिरायचे. आईचा नंबर शेवटचा. तोवर आंटी केबिनच्या दारावर विणायची सुई ठकठक वाजवायला लागलेली असायची. थोरल्या दिरासमोर, जावयासमोर, तात्यांसमोर आई डोक्यावरचा पदर पुढे ओढून माइकपाशी वाकायची आणि म्हणायची, "बरे हाय ना? आमी बरे हाय." मग दोन श्वास थांबायची. बाबा म्हणायचे, "हो." संपलं. दर शुक्रवारी हेच. माझ्या आईवडिलांचा त्या काळातला सगळा संसार या दोन वाक्यांत मावतो, आणि ती दोन्ही मला पाठ आहेत.

आज माझा भाचा जर्मनीतून फुकट व्हिडिओ कॉल करतो. मोबाइल मिक्सरला टेकवून ठेवतो आणि कांदा चिरत बसतो. आम्ही इकडे तासभर त्याच्या स्वयंपाकघराचं छत बघतो. "बोल ना आत्या," तो म्हणतो. काय बोलायचं? त्याचं छत मला आता माझ्या छतापेक्षा जास्त ओळखीचं आहे.

तर शेताची गोष्ट. चामटोलीच्या रस्त्याला आमच्या बाबांच्या वाट्याचं एक शेत होतं. वाटणीत नानांना रस्त्याकडचं आणि बाबांना आतलं मिळालं होतं. नानांनी आपलं कधीच विकून टेम्पो घेतला होता. बाबांचं आई कसायची. पावसाळ्यात भात, मग वाल, मग भाजी. पहाटे मेथीच्या जुड्या बांधून ती पाटी घेऊन बदलापूरच्या बाजारात बसायची. मस्कतहून पैसे यायचे ते नानांच्या हाती. घरात काय शिजणार हे काकी ठरवायची. आमच्या शाळा-कॉलेजचं नाना. पण त्या शेतात यंदा मेथी की मुळा, हे ठरवायला आईला कुणाला विचारावं लागत नसे. बांधावर उभी राहून ती गड्याला सांगायची तेव्हा तिचा पदर खांद्यावर असायचा आणि आवाज असा खणखणीत की, मी लहानपणी समजायचे, शेतातली आई वेगळी आणि घरातली वेगळी.

चामटोलीच्या रस्त्याला इमारती उगवायला लागल्या तेव्हा एक दिवस नानांबरोबर बिल्डरचा माणूस ओट्यावर आला. जयेशभाई नाव. पांढरी पँट घालून आमच्या ओट्यावर बसायची हिंमत करणारा हा पहिला माणूस. तो गेल्यावर नानांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की, शेताला चांगलं गिऱ्हाईक आलंय, आतल्या जमिनीला पुन्हा असा भाव येणार नाही, आणि शेत करून कुणाचं भलं झालंय. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझ्याकडे मुखत्यारपत्र हाय. उद्या सही करू शकतो. पन भावाचा शब्द घेतल्याबिगर नाना कागदाला हात लावणार नाय. शुक्रवारी सगळ्यांच्या देखत त्याला विचारतो. तो हो म्हनला तरच." तात्यांचे डोळे भरून आले. असा भाऊ पाहिला नाही, असं ते म्हणाले. ही सगळी सभा चालू असताना आई चुलीपाशी सुके बोंबील भाजत होती. तिला कुणी विचारलं नाही, पण बोंबील जळाले. आमच्या घरात बोंबील जळणं ही काही लहान घटना नव्हे.

सगळ्यांना माहीत होतं की बाबा हो म्हणणार. त्यांच्या वडिलांमागे नानांनीच त्यांना वाढवलं होतं, आयटीआयला घातलं होतं, मस्कतच्या एजंटचे पैसे भरले होते. नानांना नाही म्हणण्यासाठी लागणारा स्नायू बाबांच्या अंगात तयारच झाला नव्हता.

मंगळवारी आई मला म्हणाली, "रंजे, उद्या कॉलेज बुडव." काकीला सांगितलं की, रंजीला फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासायला नेते. "हिला दिसत नाय?" काकी म्हणाली, "ही तर चुलीवरच्या पातेल्यात किती वड्या उरल्या ते अंगणातून सांगते." पण जाऊ दिलं. दोन रिक्षा बदलून आम्ही कॅम्प एकला पोचलो. आंटी आम्हाला बघून विणायची थांबली. "आज अदी अकेली?" ती आईला अदी म्हणायची, म्हणजे बहीण. "बारात कहाँ गई?" आई फक्त हसली आणि मोठ्या केबिनमध्ये जाऊन खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती. एरवी नाना बसायचे, बाकीचे उभे.

बाबांची जेवणाची सुट्टी बघून फोन लावला होता. कँटीनमधल्या कुणीतरी उचलला, बाबांना हाक मारली, आणि बाबा धापा टाकत आले. बुधवारी फोन म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच त्यांना सुचलं. "कोण गेलं? काय झालं?"

आई थांबली. दोन श्वास. बाबांचं बोलून पूर्ण झालं याची खात्री झाल्यावर म्हणाली, "कोन नाय गेलं. मी बोलते." आणि मग मी पहिल्यांदा पाहिलं की, हा फोन कसा वापरायचा ते आमच्या अकरा जणांत तिला एकटीला कळलं होतं. शेवटचा नंबर असल्यामुळे तिने दोन वर्षं नुसतं ऐकलं होतं. ती बोलायची, थांबायची, बाबा बोलायचे, ती थांबायची. एकही शब्द दुसऱ्यावर आपटला नाही. तिने शेताचं सांगितलं, जयेशभाईचं सांगितलं, शुक्रवारी विचारणार तेही.

"मग तुझं काय म्हणणं?" बाबांनी विचारलं.

या वेळी ती दोन श्वासांपेक्षा जास्त थांबली. बाबांना वाटलं, लाइन गेली. "हॅलो? हॅलो?"

"हाय मी. मना नाय विकायचं."

"मलाही नाही," बाबा म्हणाले. "पण नानाला नाही कसं म्हणू गं? तोंड उघडणार नाही माझं. बापाच्या जागी आहे तो."

"नाय म्हणू नका," आई म्हणाली. "ऐकू नका."

"म्हणजे?"

"आवाज येत नाय म्हणा. लाइन खराब हाय म्हणून नाना दर शुक्रवारी सांगतातच गावाला. मोठ्या भावाला नाय म्हणणं पाप असंल. ऐकू नाय आलं तर काय पाप हाय?"

दोन श्वास गेले, चार गेले, आणि स्पीकरमधून बाबांचं हसू आलं. कँटीनमधल्या ताटांच्या आवाजावर चढून आलं. माझे वडील असे हसतात हे मी विसरून गेले होते. आईने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, म्हणजे हे कुठे बोलायचं नाही. मी कुठे बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहितेय. परतताना मला एक बिननंबरचा चष्मा घेऊन दिला, कारण आमच्याकडे एकदा खोटं बोललं की ते निभवावं लागतं. तो चष्मा मी बारावीची परीक्षा होईपर्यंत लावला आणि सगळे म्हणाले, चष्म्यामुळे पोरगी पास झाली.

शुक्रवार आला. टेम्पोत पुढे नानांच्या शेजारी जयेशभाई बसले होते, मांडीवर पेढ्यांचा खोका. "सहज आलेत," नाना म्हणाले. त्या दिवशी लाइन अशी लागली की काय सांगू. इतक्या शुक्रवारांत इतकी स्वच्छ लाइन मी ऐकली नव्हती. बाबांनी खुर्ची सरकवली तीसुद्धा ऐकू आली. केबिनमध्ये आम्ही अकरा आणि जयेशभाई बारावे. दार लागत नव्हतं म्हणून उघडंच, आणि बाहेर आंटीच्या रांगेतल्या चार-पाच सिंधी बायका.

नानांनी घसा साफ केला. "अरे, ऐक. आतल्या शेताला गिऱ्हाईक आलंय. सगळे हितं हायेत. तुझा शब्द पायजे. विकायचं ना?"

दोन श्वास. "हॅलो? नाना? आवाज येत नाय."

"विकायचं ना?"

"नाना, काहीच येत नाय."

नाना उभे राहिले. माइक उचलून ओठांना लावला. "शेत. आपलं शेत. विकू का?" बाबा शांतपणे म्हणाले, "नाना बोलतोयस का तू? बोल ना." नाना चिडले की हिंदीत जायचे. "अरे जमीन. जमीन बेचने का है. चामटोली वाला जमीन." बाहेरच्या रांगेतली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "भाई की जमीन बेच रहा है." दुसरी म्हणाली, "फोन पे?"

आंटी आत आली. तिच्या धंद्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. "लाइन एकदम क्लियर है. मेरी लाइन को बदनाम मत करो." तिने नानांच्या हातून माइक घेतला. आईने माझा हात घट्ट धरला. "हलो भाईसाब, मेरी आवाज़ आ रही है?"

दोन श्वास इतके लांब असतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

"हाँ आंटी," बाबा म्हणाले, "आपकी आ रही है. नाना की नहीं आ रही."

आंटीने नानांकडे डॉक्टरसारखं पाहिलं. "आपके गले में कुछ है," ती म्हणाली आणि माइक परत दिला. नानांनी तो आत्याच्या यजमानांपुढे धरला. ते सावध गृहस्थ. म्हणाले, "नाना, मी जावई. जमिनीच्या गोष्टीत मी बोलणं बरं नाय." आणि तरी माइकमध्ये "माझा येतो का?" एवढं विचारलंच. "स्पष्ट येतो, भावजी," बाबा म्हणाले. मग तात्या पुढे झाले. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, अशा चेहऱ्याने त्यांनी माइक हाती घेतला. "मी तात्या बोलतोय."

"बोला तात्या."

"नाना विचारतोय, ते शेताचं—"

"तात्या, तुमचाही जायला लागला बघा."

माझ्या भावाला हसू आवरेना, काकीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण नाना हसण्यापलीकडे गेले होते. त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं की कळलंय, आणि बारा माणसांसमोर ते बोलता येत नाही. भाऊ खोटं बोलतोय म्हणायचं तर भाऊ नाही म्हणतोय हे कबूल करावं लागलं असतं. जयेशभाईंनी पेढ्यांचा खोका या हातातून त्या हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "नाना, शेठला काय सांगू?"

तिथे नाना फुटले. माइक दोन्ही हातांत धरून ओरडले, "अरे मी टोकन घेतलंय त्यांच्याकडून. घेऊन बेंजोवाल्याला देऊन पन झालं. आता काय तोंड दाखवू?"

नानांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं, आणि हळदीला नानांनी ठाण्याहून मोठी बेंजो पार्टी ठरवली होती, स्टेज, लाइट, सगळं. आमच्याकडे लग्न एक वेळ साधं चालतं, हळद चालत नाही. बेंजोचे पैसे विटांच्या कंत्राटातून आले, असं त्यांनी काकीला सांगितलं होतं. काकी ते ओट्याओट्यावर सांगत फिरली होती. भावाचा शब्द घेतल्याशिवाय कागदाला हात न लावणारे नाना शब्दाच्या आधीच पैशाला हात लावून बसले होते.

काकीने नानांच्या हातातून माइक काढून घेतला. काकी आमच्या आईची मैत्रीण नव्हती, हे मी सांगायला हवं. मिठाच्या बरणीवरून दोघी तीन-तीन दिवस अबोला धरायच्या. पण तिचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला.

"भावजी," ती म्हणाली, "माझा येतो आवाज?"

दोन श्वास.

"वहिनी, तुमचा अगदी शेजारी बसल्यासारखा येतो."

"मग ऐका. शेत तुमचं हाय, ते राहील. टोकन उद्या परत जाईल, ते मी बघते. जावेच्या शेतावर माझ्या पोराला हळद नाय लावायची मना." आणि जयेशभाईंकडे वळून, "तुमी पेढे घेऊन जा."

जयेशभाई गेले, पण खोका खुर्चीवर राहिला. आंटीने तो रांगेत फिरवला. एका म्हातारीने पेढा तोंडात टाकून विचारलं, कसले, लग्नाचे की पोराचे. "भाई को सुनाई नहीं दिया, उसके," आंटी म्हणाली.

आईचा नंबर आला. पदर पुढे ओढून ती वाकली. "बरे हाय ना? आमी बरे हाय." बाबा म्हणाले, "हो."

टोकन परत गेलं. काकीने आपल्या पाटल्या मोडल्या, आणि बेंजोवाल्याला पुढचे पैसे द्यायला उरले नाहीत म्हणून हळदीला गावातलाच ढोल आला. त्यावर आम्ही सकाळपर्यंत नाचलो, नानासुद्धा. त्याआधी, फोनच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी ओट्यावर नाना लोकांना सांगत होते की, मस्कतच्या मशिनींनी भावाचे कान गेले. बिचाऱ्याला आता फार मोठ्यानं बोलावं लागतं, ते पण माझ्याशीच, कारण माझा आवाज जाड. लोक हळहळले. कुळगावात सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि सगळे हळहळले.

गंमत पुढे झाली. बाबा कायमचे परत आले तेव्हा नाना विमानतळावर त्यांच्या कानाशी ओरडले, "प्रवास कसा झाला?" बाबांनी एक क्षण आईकडे पाहिलं आणि कानाला हात लावून म्हणाले, "काय?" झालं. पुढची पंधरा वर्षं माझे वडील फक्त नानांपुरते बहिरे होते. दोघे भाऊ ओट्यावर वीतभर अंतरावर बसून एकमेकांशी डोंगरावरून डोंगरावर बोलावं तसे बोलायचे. समोरच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या लोकांना वाटायचं, रोज संध्याकाळी या घरात मारामारी होते. एक बाई तर एकदा सोडवायला आली. तिने पाहिलं तर दोघे चहाबरोबर बटर खात होते आणि नाना गर्जत होते, "साखर कमी हाय का रे?"

शेत आहे अजून. चहूबाजूंनी इमारती आणि मध्ये आईची मेथी. बाल्कन्यांतून बायका दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात आणि आई, पंचाहत्तरीची आई, बांधावरून त्यांच्यावर ओरडते की, आधी पैसे टाका.

नाना गेले ते अंबरनाथच्या एका हॉस्पिटलात, आठ दिवस पडून. शेवटच्या दिवसांत त्यांचा तो जाड आवाज राहिला नव्हता. बाबा रोज दुपारी त्यांच्या पायाशी बसायचे. मी डबा घेऊन गेले होते त्या दिवशी नाना खिडकीकडे बघत होते. पुटपुटल्यासारखे म्हणाले, "शेत राहिलं ते बरं झालं."

बाबा सवयीने पुढे झुकले आणि कानाला हात लावला. "काय नाना? आवाज येत नाय."

नानांनी आवाज चढवला नाही. चढला नसताच. त्याच सुरात म्हणाले, "आला तुला."

बाबा त्यांचे पाय चेपत राहिले. बऱ्याच वेळाने तेही तेवढ्याच हळू म्हणाले, "आला."